पिवळे केस आणि माझा राखाडी टी-शर्ट

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच आठवड्यात दोन गोष्टी आल्या.

सोमवारी एक सहकारी टोकियोची सुट्टी संपवून परत आली आणि तिने फोटो टाकले. हाराजुकु भागातली ताकेशिता गल्ली. एका फोटोत विशीतली एक मुलगी उभी होती. गुलाबी केस, त्यात वीसेक प्लास्टिकच्या क्लिपा, दोन पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे. खाली धडाधड प्रतिक्रिया आल्या. ‘काय कॉन्फिडन्स आहे!’ ‘आपल्याकडे असं कधी होणार?’ मीही लाल बदाम टाकला.

गुरुवारी दुसऱ्या एकाने रील टाकलं. गावोगावच्या पोरांच्या व्हिडिओंचे तुकडे जोडून कोणीतरी बनवलेलं, वर ‘छपरी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. तिसऱ्या तुकड्यात एक मुलगा पुलाच्या कठड्याजवळ मोटरसायकलला टेकून उभा होता. पुढचे केस पिवळेधमक, गुडघ्यावर फाटलेली घट्ट जीन्स, रात्रीच्या वेळी काळा गॉगल. मान झटकून तो केस मागे टाकतो आणि क्लिप संपते. पूल कांग नदीवरचा होता, म्हणजे आमच्या जामनेरचा. आणि मुलगा माझा मावसभाऊ होता.

ग्रुपवर हसून डोळ्यांतून पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत मीही एक चेहरा टाकला.

मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं. तरी मी हसलो, कारण त्या पुलाशी आणि त्या मुलाशी माझा काही संबंध नाही, हे मला लवकरात लवकर नोंदवून टाकायचं होतं. हा लेख त्या एका इमोजीबद्दल आहे.

एकच गोष्ट बदलून बघा

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे बग सापडत नसला की एक साधी युक्ती असते. बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलून बघायची. ज्या बदलाने उत्तर बदलतं, तिथे बग असतो.

ही युक्ती मी सोमवार आणि गुरुवारच्या माझ्याच प्रतिक्रियांवर लावली. रंगवलेले केस दोन्हीकडे. भडकपणा दोन्हीकडे, उलट ती मुलगी माझ्या भावापेक्षा कितीतरी जास्त भडक होती. ‘माझ्याकडे बघा’ हा आग्रह दोन्हीकडे. कपडे महाग आहेत असंही नाही. हाराजुकुतल्या त्या ‘डेकोरा’ शैलीचा जीवच मुळी स्वस्त प्लास्टिकच्या क्लिपांत आहे.

मग वाटलं, फरक अस्सलपणाचा असेल. माझा भाऊ सिनेमातल्या नटांची नक्कल करतो, त्या मुली काहीतरी नवीन घडवतात. पण हेही टिकलं नाही. जपानी तरुणांची फॅशन उसनवारीवरच उभी राहिली. १९६०च्या दशकात केन्सुके इशिझु यांच्या ‘व्हॅन जॅकेट’ कंपनीने तिथल्या पोरांना जे कपडे विकले, ते अमेरिकन कॉलेजांतल्या मुलांच्या कपड्यांवर बेतलेले होते. पुढे आलेली ‘लोलिता’ शैली म्हणजे फुगीर घागरे, लेस, छोट्या टोप्या. तिचं मूळ जुन्या युरोपातल्या पोशाखांत आहे. उसनं घेणं हा गुन्हा असेल तर हाराजुकु पहिला आरोपी ठरेल.

शेवटी एकच गोष्ट उरली. ती मुलगी टोकियोत उभी होती आणि हा जामनेरात. तिचा फोटो विमानाने गेलेल्या माणसाने काढला होता, याचा व्हिडिओ त्याच्या मित्राने फुटक्या स्क्रीनच्या मोबाईलवर. मी केसांचा रंग बघतच नव्हतो. मी माणसाचा पत्ता बघत होतो.

जपानचेही ‘छपरी’ होते

त्या रात्रीपासून मी जपानबद्दल वाचत सुटलो. आधी वाटायचं, जपानी समाज किती मोकळा, पोरं काहीही घालतात आणि कोणी काही बोलत नाही. ते खरं नव्हतं.

१९६४ साली टोकियोच्या गिंझा भागात मियुकी नावाच्या रस्त्यावर पोरं-पोरी नुसती उभी राहायची. आखूड पँट, बटणांच्या कॉलरचा शर्ट. ऑलिम्पिक तोंडावर आलं होतं, परदेशी पाहुणे येणार होते. पोलिसांनी सप्टेंबरमध्ये धाड घालून या ‘मियुकी-झोकु’ पोरांना उचललं आणि रस्ता साफ केला. त्यांचे ते कपडे आज आपल्याकडे ऑफिसात ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणून चालतात.

हाराजुकुचा रस्ता १९७७पासून रविवारी गाड्यांना बंद ठेवला जायचा. तिथे झगझगीत, ढगळ कपडे घालून पोरं घोळक्याने नाचायची, बँड वाजायचे, नव्या नव्या शैली जन्मायच्या. १९९८मध्ये तो रविवारचा मोकळा रस्ता बंद झाला. त्याच सुमारास शिबुया भागात त्वचा गडद तपकिरी करून, डोळ्यांभोवती पांढरा रंग लावून फिरणाऱ्या मुली दिसू लागल्या. जपानमध्ये गोरेपणाचं कौतुक आपल्याइतकंच जुनं, त्यामुळे हे म्हणजे थेट आव्हान होतं. त्यांच्यातल्या सर्वांत भडक मुलींना लोक ‘यामांबा’ म्हणायला लागले. यामांबा म्हणजे तिथल्या लोककथांतली डोंगरातली म्हातारी चेटकीण.

आणि गावाकडची पोरं? त्यांनाही एक नाव होतं: ‘यांकी’. रंगवलेले केस, बदल करून घेतलेल्या मोटरसायकली, पाठीवर अक्षरं भरतकाम केलेले लांब कोट. टोकियोतला शहाणा माणूस त्यांना बघून जे तोंड करायचा, ते मी चांगलं ओळखतो.

२००४ सालचा तेत्सुया नाकाशिमा यांचा ‘शिमोत्सुमा मोनोगातारी’ हा सिनेमा याच दोन जगांवर आहे. शिमोत्सुमा हे शेतांनी वेढलेलं गाव. तिथली एक मुलगी डोक्यापासून पायापर्यंत लेसचे कपडे घालून बांधावरून चालते आणि असे कपडे घ्यायला लांबचा रेल्वेप्रवास करून टोकियोला जाते. तिची मैत्रीण होते गावातली यांकी बाइकवाली. सिनेमा बघताना मला सारखी आमची पाचोरा–जामनेर नॅरो गेज आठवत होती. ती गाडी २०२०च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. आता माझा भाऊ एसटीने जळगावला जातो, गोलाणी मार्केटमधून मोबाईलचे सुटे भाग घेतो, फुले मार्केटमधून जीन्स घेतो आणि संध्याकाळी परत येतो. लेसचा झगा आणि फाटकी जीन्स यांत अंतर असेल. त्या प्रवासात फारसं नाही.

एका शब्दाची गोष्ट

आजोळी, पहूरजवळच्या खेड्यात, घरापुढे छपरी होती. पत्र्याचा उतार, खाली बाज टाकलेली. उन्हाळ्यात आम्ही सगळे भाऊ तिथे झोपायचो. माझ्यासाठी छपरी या शब्दाला थंड वाऱ्याचा वास होता.

आज इंटरनेटवर हा शब्द शिवी म्हणून चालतो आणि त्याचं मूळ छप्परबंद समाजाच्या नावाशी जोडलं जातं. छप्परबंद म्हणजे गवताची छपरं शाकारणारे, भटके लोक. इंग्रजांनी त्यांच्यावर खोटी नाणी पाडण्याचा शिक्का मारून त्यांना ‘गुन्हेगार जमातीं’त टाकलं. १८७१ साली सुरू झालेला तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावं आहेत, त्यांत छप्परबंद आहेत. बंजाराही आहेत.

बंजारा म्हटल्यावर जामनेरचा बाजार डोळ्यांपुढे येतो. आमच्या तालुक्यात बरेच तांडे आहेत. लहानपणी बाजारात फेटिया-कांचळी घातलेल्या आज्या दिसायच्या. आरशांचं भरतकाम, हातभर बांगड्या. आम्ही पोरं टक लावून बघायचो आणि एकमेकांना कोपर मारून हसायचो. माझ्या वर्गात तांड्यावरची एक मुलगी होती. तिची आजी शाळेत आली की ती वर्गाच्या मागच्या दाराने बाहेर पडायची. परवा पुण्यात एका दुकानात आरशांच्या भरतकामाचं जॅकेट बघितलं. किंमत बघून परत ठेवलं. विकणारी मुलगी सांगत होती, हे सध्या फार चालतंय.

तेच आरसे. आजीच्या अंगावर असताना वर्गमैत्रिणीने मागचं दार धरलं, दुकानाच्या हँगरवर आल्यावर आम्ही पाकीट काढलं.

चारचौघांत जायची लाज

कपड्यांचा प्रश्न वरवरचा आहे, असं आपण म्हणतो. ॲडम स्मिथला तसं वाटलं नव्हतं. १७७६ साली आलेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये तो लिहितो की लिननचा सदरा ही जगण्यासाठीची गरज नाही, पण त्याच्या काळात रोजंदारीवरच्या मजुरालाही त्या सदऱ्याशिवाय लोकांत जायची लाज वाटेल. अमर्त्य सेन यांनी हा मुद्दा पुढे नेला. लाज न वाटता चारचौघांत वावरता येणं ही त्यांच्या लेखी माणसाची खरीखुरी क्षमता आहे. ती नसणं हीसुद्धा गरिबी.

आपल्याकडे हे सर्वांत धारदारपणे मांडलं ते बाबासाहेबांनी. डिसेंबर १९२७मध्ये महाडला सत्याग्रह परिषदेच्या वेळी ते जमलेल्या स्त्रियांशी बोलले. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असं लुगडं नेसणं सोडा, तसले दागिने सोडा, इतर बायका नेसतात तसं नेसा, असं त्यांनी सांगितलं. स्त्रियांनी ते लगेच अमलात आणलं. कोणी काय घालायचं, लुगडं कुठवर नेसायचं, हे गाव ठरवत होता त्या काळात हे केलेलं आहे. ती फॅशन नव्हती, हुकूम मोडणं होतं.

इथे मी बराच अडकलो. महाडच्या स्त्रियांनी कपडे बदलले ते वेगळं ओळखू येऊ नये म्हणून. हाराजुकुतली मुलगी सजते ती वेगळं ओळखू यावं म्हणून. मग स्वातंत्र्य कशात, मिसळून जाण्यात की उठून दिसण्यात?

मला आता वाटतं, दोन्हींत. अट इतकीच की ते घालणाऱ्याने ठरवलेलं असावं. दोन्ही ठिकाणी अंगावरच्या कापडाचा अर्थ लावायचा हक्क दुसऱ्याच्या हातून काढून घेतला जातो. आणि दोन्हींवर उठणारा आवाज सारखाच असतो: ‘आपली औकात बघून राहावं.’ छपरी म्हणताना आपण तेच म्हणत असतो. तुझी जीन्स वाईट आहे असं नाही, जीन्स घालून हिरो व्हायला तू कोण?

आता माझं बघा. माझ्याकडे सात राखाडी टी-शर्ट आहेत, एकावरही काही लिहिलेलं नाही. लोकांना वाटतं मी साधा आहे. खरं तर पुण्यात आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी दोन गोष्टी घालवल्या: बोलण्यातला ‘भो’ आणि कॉलेजातला चमकदार जांभळा शर्ट. माझा साधेपणा हाही वेशच आहे. त्याने माझा पत्ता झाकला जातो. तो मी मोकळेपणाने निवडला की घाबरून, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

सायलेन्सरचं काय?

इथे कोणी म्हणेल, उगाच डोक्यावर घेऊ नकोस. ही पोरं सायलेन्सर बदलून फटाके फोडत जातात, मुलींच्या शाळेसमोर घिरट्या घालतात, त्याचं काय?

त्याचं काही समर्थन नाही. माझ्या भावाच्या मित्राच्या गाडीलाही तसला सायलेन्सर आहे, आणि शेजारच्या घरात हृदयाचं ऑपरेशन झालेले एक काका झोपलेले असतात. मुलींची वाट अडवणं ही शैली नव्हे, त्रास आहे. तिथे नाराज होऊन भागणार नाही, थांबवायलाच हवं.

पण त्रास आणि न आवडणं यांची गल्लत करू नये. जपानचीच दोन उदाहरणं घ्या. १९६४मध्ये पोलिसांनी मियुकी रस्त्यावरची पोरं उचलली ती त्यांच्या दिसण्याने लाज वाटली म्हणून. १९७८मध्ये वाहतूक कायद्यात बदल झाला, तो ‘बोसोझोकु’ टोळ्या घोळक्याने धोकादायक गाड्या हाकतात म्हणून. पहिल्यात पोरांनी कोणाचं काय बिघडवलं, हे सांगता येत नाही. दुसऱ्यात सांगता येतं. सायलेन्सर काढायला लावा. त्या निमित्ताने केसांवर हात टाकू नका.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. ‘त्याला काहीही घालायचं स्वातंत्र्य, मग मला हसायचं स्वातंत्र्य नाही का?’

आहे. हसण्यावर कायदा नसावा. पण कायद्याने चालणारी प्रत्येक गोष्ट बरी असते असं नाही. मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवली आहे: तोच माणूस माझ्यावर उलटा हसला, तर माझं काय जाईल? गेल्या दिवाळीत भावाने माझ्या टी-शर्टकडे बघून विचारलं, ‘दादा, कंपनीत सगळ्यांले एकच कापड वाटता का?’ सगळे हसले, मीही हसलो. माझं काहीच गेलं नाही. मी त्याच्यावर हसतो तेव्हा त्याच्या दुकानाचा मालक त्याला गल्ल्यावर बसवायला कचरतो, लग्नाची बोलणी करायला आलेले लोक मोबाईल काढून एकमेकांना दाखवतात. दोन्हीकडे हसूच आहे, पण त्याची किंमत एकालाच मोजावी लागते.

विचारून बघणं

हाराजुकुला एक गोष्ट मिळाली, जी कांग नदीच्या पुलाला मिळाली नाही. शोइची आओकी नावाचा छायाचित्रकार. १९९७मध्ये त्याने ‘फ्रूट्स’ हे मासिक सुरू केलं आणि २०१७मध्ये थांबवलं. रस्त्यात भेटलेल्या पोरापोरींना तो समोर सरळ उभं करायचा आणि डोक्यापासून बुटापर्यंत फोटो काढायचा. खाली छापायचा: नाव, वय, काम काय करतोस, हे कुठून घेतलं. जगाने हाराजुकुकडे आदराने बघायला सुरुवात केली, त्यात या साध्या प्रश्नांचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. छपरीच्या रीलमध्ये चेहरा असतो, नाव नसतं. ज्याला नाव विचारलं, त्याच्यावर तसं हसणं अवघड जातं.

दिवाळीच्या त्याच सुट्टीत मी भावाच्या दुकानात जाऊन बसलो. बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान, तो तिथे कामाला आहे. मी विचारलं, केस पिवळेच का?

तो स्क्रू काढत म्हणाला, मित्राने सलून टाकलं होतं, त्याला रंग करून बघायला डोकं पाहिजे होतं. ‘पह्यले फुकट होतं. मग आवडलं.’ मावशी चार दिवस बोलली नव्हती. पाचव्या दिवशी तिने विचारलं, उन्हात उतरतो का रे हा?

मग मी त्या रीलबद्दल विचारलं. मला वाटलं होतं त्याला माहीत नसेल.

‘पाह्यलं ना भो. लई व्ह्यू गेले. माझं नाव नाही टाकलं पण.’

मी त्याला सांगितलं की ते आमच्या ग्रुपवर आलं होतं आणि मीही हसलो होतो. त्याने मोबाईलचं मागचं झाकण बसवलं, कापडाने पुसलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘ते लोक मले वळखत नाही. तू त वळखत होता.’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. वर लिहिलेले सगळे युक्तिवाद मी नंतर जुळवले. त्याने नऊ शब्दांत सांगितलेलं त्यांत कुठेच बसत नाही. अनोळखी माणसावर हसणं हा वाईट सवयीचा भाग असेल. ओळखीच्या माणसावर अनोळखी होऊन हसणं हे वेगळंच काहीतरी आहे.

पुण्याला परत आल्यावर मी ग्रुपवर जुनं रील शोधून त्याच्याखाली लिहिलं, ‘तिसऱ्या क्लिपमधला मुलगा माझा मावसभाऊ आहे. जामनेरला मोबाईल दुरुस्त करतो. उत्तम करतो.’ पाच मिनिटं कोणी काही लिहिलं नाही. मग रील टाकणाऱ्याने मला वेगळा मेसेज करून माफी मागितली. ग्रुपवर कोणीतरी विचारलं, आज जेवायला कुठे जायचं?

मागच्या महिन्यात भावाने नवा फोटो पाठवला. या वेळी केस तांबडे, बाजूने वीज चमकल्यासारखी रेघ कापलेली. मी खूप वेळ बघितला आणि प्रामाणिकपणे लिहिलं, ‘पिवळाच बरा होता. हा मला नाही आवडला.’

त्याचं उत्तर लगेच आलं.

‘तुले कोनी इचारलं?’